म्हातारीचा आवाज फाटतो ती जागा

आमच्या दुकानात ‘छान’ म्हणायला बंदी आहे. ‘मस्त’, ‘भारी’ आणि ‘एक नंबर’ यांनाही. एखादा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, दुरुस्त झाला की बाबा त्याला गिटार जोडतो, एक तार छेडतो आणि मला म्हणतो, “डोळे मीट. सांग, कसा वाजतो?”

मी चुकून ‘छान’ म्हटलं की संपलंच. “छान हा काय आवाज आहे? छान तर हस्ताक्षरही असतं. कसा ते सांग.”

मग मी सांगते, “बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा.”

बाबा आत काहीतरी फिरवतो. “आता?”

“आता बादली काढली, पण नाक चोंदलंय.”

“आता?”

“आता आत्या फोनवर बोलते तसा. स्वच्छ आहे, पण मध्येच टोचतो.”

बाबा खो खो हसतो आणि नखाएवढं काहीतरी सरकवून ते टोचणं काढून टाकतो. मी चौथीत होते तेव्हापासून आमचा हा खेळ चाललाय आणि मी त्यात भयंकर हुशार आहे. हे मी उगाच नाही म्हणत, बाबाच म्हणतो. दुकान आमच्या घराच्या खालीच आहे. एकच लांबट खोली, वाकवता येणारा दिवा असलेलं एक टेबल, सोल्डरचा धूर आणि भिंतीच्या फळ्यांवर पोट उघडून ठेवलेले ॲम्प. त्यांच्याकडे बघून वाटतं, डॉक्टर यांना तसंच टाकून चहा प्यायला गेलेत. बाबा पूर्वी बँडमध्ये गिटार वाजवायचा. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी स्वतःच्या उंचीच्या स्पीकरसमोर उभा राहायचा. माझ्या जन्मानंतर त्याने ते सोडलं आणि दुसऱ्यांचे ॲम्प दुरुस्त करायला लागला.

मला घरात सगळे ‘भोंगा’ म्हणतात, कारण मला हळू बोलताच येत नाही. शेजारच्या आजी म्हणतात, आमच्या घरी रेडिओ नसला तरी चालेल. पण शाळेत मी अगदी उलटी होते. बाईंनी प्रश्न विचारला की माझी मान खाली आणि कान लाल. घरात भोंगा, वर्गात मुंगी.

होते, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत.

यंदा नववीत आमच्या संगीताच्या बाईंनी शाळेचा बँड काढला. गिटारवाल्या मुलीने ऐन वेळी शाळाच बदलली, तर ड्रम वाजवणारी माझी मैत्रीण पेन्सिल उभी राहून म्हणाली, “बाई, हिच्या घरात गिटारी लोळत असतात. पण ही सांगायची नाही.” (ती काडीसारखी आहे म्हणून पेन्सिल. शेंड्याला केस रबरासारखे.) मी तिला टेबलाखालून लाथ मारली. पण तासाभराने मी बाईंसमोर गिटार वाजवत होते आणि खोलीतले सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून माझं काय झालं कोण जाणे. मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उड्या मारत उतरायला लागले. गणिताच्या सरांना ‘सर, इथे चुकलंय’ म्हणाले (आणि चुकलंच होतं). शाळा सुटल्यावर रोज तालीम असायची. घरी यायला सहा वाजायचे, त्यामुळे दुकानात बसणं बंद झालं. बाबा म्हणायचा, “जा गं, जा. माझं काही अडत नाही.”

आता ज्या वस्तूवरून सगळं घडलं तिच्याबद्दल सांगते. बाबाने स्वतः बनवलेलं एक पेडल आहे, गिटार आणि ॲम्पच्या मधे जोडून पायाने दाबायचं. साबणाच्या वडीएवढी राखाडी पत्र्याची डबी, वर एक बटण. याला क्लीन बूस्ट म्हणतात. बाकीची पेडलं आवाजात स्वतःचं काहीतरी कालवतात. कुणी घुमवतं, कुणी थरथरवतं. हे काहीच कालवत नाही. गिटारमधून जे येईल तेच मोठं करून पुढे ॲम्पमध्ये ढकलतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणाले होते, “म्हणजे नुसतं आवाज वाढवायचं बटण? त्यात काय एवढं?”

तेव्हा बाबाने तीन ॲम्प ओळीने मांडले होते.

पहिलं डबडं. शिकाऊ मुलांसाठीचा स्वस्तातला ॲम्प. बूस्ट दाबला, तर पत्रा फाडल्यासारखा आवाज आला आणि मी कान झाकले. दुसरा फ्रीज. फ्रीजएवढाच जड ट्रान्झिस्टरचा ॲम्प. बूस्ट दाबला, तर तोच आवाज, तसाच स्वच्छ, फक्त दुप्पट मोठा. खिडकीची काच वाजली. आणि तिसरी म्हातारी. बाबाने तरुणपणी जुन्या व्हॉल्व्हवर बांधलेला छोटासा ॲम्प. आत काचेच्या नळ्या, चालू केल्या की आधी तापतात, मग निखाऱ्यासारख्या लाल दिसतात आणि मगच बाई बोलायला लागतात. तिचा आवाज आधीच पूर्ण वर नेऊन ठेवलेला. बूस्ट दाबला, तर आवाज मोठा झालाच नाही. तो फाटला. म्हणजे घोगरा झाला, भरून आला, त्याला काटे फुटले. माझ्या हातावरही काटा आला.

“तीच डबी,” बाबा म्हणाला. “बूस्टला स्वतःचं काही नसतं, भोंग्या. तो नुसता ढकलतो. फ्रीजच्या आत जागा आहे, तो मोठा होतो. म्हातारीच्या आत आता जागाच नाही, म्हणून तिचा गळा दाटतो. पुढचा कसा आहे ते कळतं याने.”

तर शाळेच्या कार्यक्रमात आम्ही जे गाणं वाजवणार होतो, त्यात मधे माझा सोलो होता, मी एकटीने वाजवायचा तुकडा. गाणं आमचंच, पेन्सिलने आणि मी लिहिलेलं. सोलोच्या शेवटच्या ओळीवर मी पायाने बूस्ट दाबणार, म्हातारीचा गळा दाटणार आणि सभागृहात कुणाला तरी नक्की रडू येणार, असा माझा बेत होता. बाबाला सांगितला तेव्हा तो हातातलं काम ठेवून म्हणाला, “त्या जागेला मी डोळे मिटून बसणार. पहिल्या रांगेत. तू मला सांगायचं नाहीस, मी तुला सांगणार, कसा वाजला ते.”

इतकी वर्षं सांगायची पाळी माझी होती. पहिल्यांदा बाबा सांगणार होता. मला बाकी काही नको होतं. शाळेने टाळ्या वाजवल्या नसत्या तरी चाललं असतं.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात मी तालमीहून आले तेव्हा दुकानात दाताचे डॉक्टर उभे होते. ते दर रविवारी घरी गिटार वाजवतात. त्यांच्या बायकोच्या मते दात काढताना कमी दुखतं.

“अहो, तुम्ही दुरुस्त करून दिल्यापासून हा शिट्टी वाजवतोय,” ते म्हणत होते. “आधीच लोक मला घाबरतात. त्यात घरी पण ड्रिलसारखा आवाज. कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलं.”

बाबा वाकून स्पीकरला कान लावून होता. “कुठेय शिट्टी?”

“अहो, ही काय.”

“मला तर...”

“बाबा, केवढी शिट्टी!” मी दारातूनच ओरडले. “बंद कर ना, दात आंबले माझे!”

बाबाने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग ॲम्पकडे. “हां,” तो म्हणाला. “आहे की. बारीक आहे. ठेवून जा डॉक्टर, बघतो.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग उगाच माझ्या डोक्यावर टपली मारून गेले. आणि मी काय केलं? मी दप्तर टाकलं आणि आमच्या गाण्याचा शेवट कसा बदलला ते बाबाला सांगायला लागले. मी स्वतःच्या आनंदात इतकी बुडाले होते की समोर हत्ती नाचला असता तरी बाजूला हो म्हणाले असते.

रविवारी दुपारी खाली गेले तर टेबलावर बूस्टची डबी उघडी पडली होती. आतल्या तारा बाहेर आल्या होत्या आणि बाबा चष्म्यावर भिंग लावून त्यात डोकावत होता. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“काय झालं?”

“पेडल मेलंय,” बाबा म्हणाला. “बरं झालं आजच तपासलं. सकाळपासून बघतोय. सगळे पार्ट ठीक दाखवतात, पण चालत नाही.”

“मला बघू दे ना. जोडून बघ.”

त्याने डबी तशीच उघडी म्हातारीला जोडली. मी गिटार घेतली. सोलोची शेवटची ओळ सुरू केली आणि बटण दाबलं.

म्हातारीचा आवाज फाटला. एकदम, नेहमीसारखा, भरून आल्यासारखा. खोलीभर काटे. मी आनंदाने ओरडणारच होते की चालतंय की रे, काय घाबरवतोस!

पण बाबा माझ्या पायाकडे बघत होता. पाय बटणावर गेलेला त्याने बघितला होता. पुढे काहीतरी होईल म्हणून तो वाट बघत होता. मग त्याने हात उडवले. “बघितलंस? काही नाही. दाबलं काय, न दाबलं काय.”

मी तार धरून थांबवली.

“थांब, फ्रीजवर बघू,” तो म्हणाला आणि वायर काढून फ्रीजला लावली. मी वाजवलं, दाबलं. आवाज धाडकन वाढला. बाबाचा चेहरा उजळला. “हां! इथे कसा लागला! मग पेडल ठीक आहे. म्हणजे म्हातारीतच काहीतरी सुटलंय.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. फ्रीजमध्ये आवाज मोठा होतो, ते बाबाला कळलं होतं. म्हातारीत मोठा होत नाही, फक्त वरचे काटे फुटतात. बाबाला ते काटेच ऐकू येत नव्हते. शिट्टी ऐकू येत नव्हती, तसेच. बूस्ट पुढचा कसा आहे ते सांगतो म्हणे. बूस्टने सांगितलं होतं. पुढे बाबा होता.

“वायर सुटली असेल,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तेच,” बाबा म्हणाला. त्याने म्हातारीची पाठ उघडली, सोल्डर गन तापवली आणि ज्यात काहीच सुटलेलं नव्हतं असा एक सांधा वितळवून पुन्हा जोडला. सुंदर जोडला. बाबाचा सांधा थेंबासारखा चकचकीत असतो. एका निरोगी माणसाला टाके घालताना बघावं तशी मी बघत उभी राहिले. मग त्याने मला वाजवायला सांगितलं, मी वाजवलं आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, “आता?”

“आता झालं,” मी म्हणाले.

“कसा?”

“छान,” मी म्हणाले आणि वर पळाले. बाबाने मला टोकलं नाही.

आई दवाखान्यात लोकांचं रक्त काढते. घरी आली की आधी पाय बादलीत सोडून बसते आणि तेव्हा तिच्याशी काहीही बोललेलं चालतं. मी तिच्या समोर जमिनीवर बसले. “आई, बाबाला ऐकू येत नाही का?”

आईने पाय हलवणं थांबवलं. “बोललेलं येतं.”

“बाकी?”

“बारीक, उंच आवाज गेलेत. हळूहळू गेले. कानाच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, ते कपाटात आहे. एक दिवस घातलं, मग त्यांनाच जाऊन म्हणाला, सगळं जग डबड्यातून वाजतंय.” आई टॉवेल शोधायला लागली. तो तिच्या खांद्यावरच होता. “यंत्राचं मला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही. कपाट आवरताना सापडलं. त्यातला कागद वाचून मी त्या डॉक्टरांना भेटून आले.”

“मग तू विचारलं का नाहीस?”

“अगं, रोज शंभर लोकांना सुई टोचते मी. घरी याला कुठे टोचू?” ती हसली, पण ते हसू ओठांपाशीच राहिलं. “तो दुकान उघडतो, टेबलावर बसतो. ॲम्पवाला म्हणून लोक त्याला ओळखतात. मी विचारलं की तो ॲम्पवाला उरत नाही. त्याचं त्याला सांगू दे, असं वाटायचं.”

“पण तो माझा सोलो ऐकायला येणारे! त्या जागेला डोळे मिटून बसणारे. त्याला काहीच ऐकू येणार नाही, आणि मग तो मला खोटं सांगेल. छान म्हणेल!”

आईने ओल्या हाताने माझे केस कानामागे सारले.

मला तेव्हाच माहीत होतं काय करायचं. फ्रीज न्यायचा. फ्रीजवर बूस्ट दाबला की आवाज मोठा होतो, बाबाला कळतं. ती ओळ त्याच्यापर्यंत पोचेल. पण फ्रीज दिसला की बाबालाही कळणार, की मी का आणला. हे मला नीट कळत होतं आणि त्यानेच झोप उडाली. म्हातारी नेली, तर बाबाची गोष्ट झाकलेली राहील आणि माझा सोलो त्याच्या डोळ्यांसमोर मुका वाजेल. फ्रीज नेला, तर त्याला ऐकू येईल आणि झाकलेलं उघडं पडेल. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, गिटार गळ्यात घालून.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा सकाळीच एक ॲम्प पोचवायला लांब गेला. म्हातारीला फडक्याने पुसून, वायर गुंडाळून दारापाशी ठेवून गेला होता. पेन्सिलच्या काकांचा टेम्पो आला. मी म्हातारीकडे बघितलं. मग फ्रीजचं एक हँडल धरलं. मला तो हलवतासुद्धा येईना. तेवढ्यात दुसरं हँडल कुणीतरी उचललं. आई होती, कामावर जायच्या कपड्यांत. तिने एक अक्षर विचारलं नाही. आम्ही दोघींनी तो टेम्पोत चढवला, मग ती परत गेली आणि तिने म्हातारीला तिच्या फळीवर ठेवून वर कापड टाकलं.

शाळेत पेन्सिलने कपाळाला हात लावला. “म्हातारी कुठेय? हा काय आणलास? याच्यावर सोलो म्हणजे इस्त्री न केलेला गणवेश!”

“याच्यावरच वाजवणार.”

“अगं, इतके दिवस घोगरा, घोगरा म्हणून माझं डोकं खाल्लंस! याच्यावर सगळं उघडं पडेल. एक बोट चुकलं तर वॉचमनकाकांना पण कळेल.”

“कळू दे.”

“वेडी झालीस?”

“हो,” मी म्हणाले आणि माझा आवाज असा निघाला, की तिने वाद सोडला. मग तिने फ्रीजच्या खाली पुठ्ठा घातला, हलू नये म्हणून. म्हणून ती माझी मैत्रीण आहे.

पडदा उघडला तेव्हा सभागृह भरलेलं होतं. बाबा पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. आई त्याच्या शेजारी. बाबाचे डोळे आधीच मिटलेले होते. गाण्याच्या सुरुवातीलाच! त्याने स्टेजवर काय ठेवलंय ते बघितलंच नव्हतं. मी वाजवत होते, पेन्सिल ठोकत होती, बाईंचं बोट ताल धरत होतं. सोलो आला. फ्रीज तुम्हाला काही लपवू देत नाही. म्हातारीवर दोन सुरांमधली भेग बुजते. इथे प्रत्येक सूर एकटा, धुतलेला, उघडा उभा. माझं एक बोट घसरलं आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मी थांबले नाही. शेवटची ओळ आली आणि मी पाय टाकला.

आवाज मोठा झाला. एवढा मोठा की माझ्याच पोटात घुमला. फाटला नाही, दाटला नाही. नुसता मोठा, सरळ, बाबाच्या दिशेने.

बाबाने डोळे उघडले.

त्याला ऐकू आलं होतं. ते मला इतक्या लांबूनही दिसलं. त्याची मान सुरांबरोबर किंचित वर गेली, जशी नेहमी जाते. आणि मग त्याची नजर माझ्या मागे गेली, फ्रीजवर. तिथे थांबली. मग माझ्यावर आली. मी वाजवत होते. त्याच्याकडे बघत होते. ओळ संपेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत होतो. टाळ्या वाजल्या तेव्हा आई टाळ्या वाजवत होती आणि बाबाचे हात मांडीवर होते.

सगळे गेल्यावर बाबा स्टेजच्या मागे आला. आम्ही फ्रीज उचलला, त्याने एका बाजूने आणि मी दुसऱ्या. मैदानाच्या कडेला, टेम्पोची वाट बघत आम्ही त्याच्यावरच बसलो. आई पेन्सिलच्या आईशी बोलत लांब उभी राहिली, मुद्दाम.

“म्हातारी का नाही आणलीस?” बाबाने विचारलं.

“जड होती.”

बाबा हसला. आपण ज्यावर बसलोय त्यावर त्याने थाप मारली. “खोटं तरी नीट बोल गं.”

मी बुटाने माती उकरत होते.

“कधी कळलं?” त्याने विचारलं.

“रविवारी. तू... तू म्हणालास पेडल मेलंय.”

“हं.” तो मैदानाकडे बघत होता. “पेडल बिघडलेलं असतं तर फार बरं झालं असतं. त्या दिवशी सकाळपासून देवाला म्हणत होतो, एक तरी पार्ट जळलेला सापडू दे. शिट्टी गेली, घंटीचा आवाज गेला, ते माहीत होतं मला. पण म्हातारीचा गळा... मला वाटायचं, तेवढा राहील. माझ्या हाताने बांधलीय.”

“बाबा, यंत्र घाल ना. ते मोठं करतं आवाज.”

“मोठंच करतं. बूस्टच आहे तो.” त्याने स्वतःच्या कानाला बोट लावलं. “पुढचं डबडं झालंय, भोंग्या. ढकललं की पत्रा वाजतो.”

मला रडू यायला लागलं आणि मी ते गिळायचा प्रयत्न करत म्हणाले, “मला कसं कळलं नाही? मी रोज तुझ्याजवळ बसायचे. आपण खेळायचो, तेव्हा तर तू सगळं...”

बाबा माझ्याकडे वळला. अगदी हळू म्हणाला, “तुला काय वाटलं, तो खेळ होता?”

बादलीत तोंड घातल्यासारखा. नाक चोंदलेला. टोचणारा. चौथीपासून. मी डोळे मिटून सांगायचे आणि तो तेवढंच सरकवायचा. लोक म्हणायचे, काय कान आहे या माणसाचा! आणि यंदा मी तालमीला जायला लागले, दोन दोन पायऱ्या उड्या मारत, आणि त्या टेबलावर तो एकटा उरला. मग शिट्टी राहिली. मग डॉक्टर परत आले. ‘जा गं, माझं काही अडत नाही.’

“आधी खेळच होता,” बाबा घाईने म्हणाला. “शप्पथ. तू इतकं मजेशीर बोलायचीस. मग हळूहळू मी त्यावर चालायला लागलो. तुला सांगणार होतो. रोज उद्या म्हणायचो.”

“मी तालीम सोडते.”

“मारीन,” बाबा म्हणाला. “आज जे वाजवलंस ते ऐकलं मी. सगळं ऐकलं. एक बोट घसरलं तेही.”

मी रडत रडत हसले. “कसा वाजला?”

“एकटा,” तो म्हणाला. “एकटा आणि सरळ. अंधारात कुणी आपल्याला नावाने हाक मारावी तसा.”

तेवढ्यात टेम्पो आला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी खाली गेले तेव्हा बाबाने म्हातारीवरचं कापड काढून ठेवलं होतं. नळ्या तापत होत्या. त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि डबी माझ्या पायाशी सरकवली. “काल वाजवायचा होता तो वाजव.”

मी वाजवला. शेवटच्या ओळीला दाबलं. म्हातारीचा आवाज फाटला, जसा मला सभागृहात फाटायला हवा होता तसा. फळीवरचे स्क्रू बारीक किणकिणले. बाबा स्टुलावर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. सूर विरला.

“सांग,” तो म्हणाला.

“आधी स्वच्छ होता,” मी म्हणाले. “मग दाबल्यावर... म्हणजे कुणीतरी खूप वेळ रडू दाबून ठेवलंय. आणि ठरवलंय की नीट बोलायचं. आणि नीट बोलतंय, बोलतंय, आणि मग एका शब्दावर येऊन त्याचा...”

आणि तिथे माझाच आवाज फाटला. पुढचा शब्द निघेना.

बाबाने डोळे मिटले होते. “हां,” तो म्हणाला. “तसाच. तसाच वाजायचा.”

थोड्या वेळाने त्याने म्हातारी बंद केली. नळ्या विझेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो. मग त्याने डॉक्टरांचा ॲम्प दिव्याखाली ओढला, पाठ उघडली आणि चालू केला. शिट्टी सुरू झाली. चालू ॲम्पमध्ये बोट घालायचं नसतं, म्हणून बाबा एक लाकडी काडी वापरतो. तिने एकेक वायर हळूच सरकवून बघायची, कुठली चुकीच्या शेजारणीजवळ जाऊन बसलीय ते. त्याने काडी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी तो ‘खेळू या’ म्हणाला नाही.

“कधी थांबते ते सांग,” तो म्हणाला.

मी डोळे मिटले. त्याने पहिली वायर सरकवली.

“अजून आहे,” मी म्हणाले. जरा मोठ्याने.